आजी-आजोबांचा पोर्ट्रेट: नाशिकमध्ये कुठे काढावा, कसा काढावा?

इंदिरानगरकर
आजोबांची पंच्याहत्तरी आहे. दोघांचा एक फोटो १२ × १८ इंचांत फ्रेम करून द्यायचाय. क्रॉप सेन्सरचा (लहान सेन्सरचा) २४ मेगापिक्सेल कॅमेरा, सोबत आलेली १८-५५ एमएमची झूम म्हणजे किट लेन्स आणि ५० एमएम एफ/१.८ लेन्स आहे. चाचणीच्या फोटोंत नाकं मोठी, चष्मे चमकतायत, शार्प येतो तो एकच चेहरा. ८५ एमएम घ्यावी का? आणि जागा कुठली, पांडवलेणी की गोदाघाट?

उजेडवाला
८५ नको, पैसे वाचवा. नाक मोठं येतं ते जवळ गेल्याने. झूम १८ वर असला की चेहऱ्याने फ्रेम भरायला अगदी तोंडाशी जावं लागतं. ५० लावून साडेसहा फूट मागे सरका, आडव्या फ्रेममध्ये दोघे छातीपासून वर नीट बसतात. याच फ्रेमसाठी ८५ ला दहा-अकरा फूट लागतील. फ्लॅटच्या हॉलमध्ये तेवढ्यात पाठ भिंतीला टेकते.

एवढ्या अंतरावरून एफ/१.८ ला, म्हणजे लेन्सचं तोंड पूर्ण उघडं असताना, जेमतेम ११-१२ सेंमी खोलीच शार्प राहते. आजी खांदाभर मागे बसल्या की गेल्याच. एफ/५.६ ठेवा, तोंड लहान होतं आणि ३५ सेंमीच्या आसपास मिळते. फोकस पॉइंट एकच, पुढच्या माणसाच्या जवळच्या डोळ्यावर. शटर १/१६० सेकंदापेक्षा संथ नको. त्यासाठी आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १६०० झाला तरी चालेल. थोडे दाणे दिसलेले परवडतात, हललेला फोटो नाही.

घाटावरची
पांडवलेणीच्या पायऱ्या त्या गुडघ्यांना कशाला? गोदाघाट हवाच असेल तर सकाळी सातच्या सुमारास जा आणि नारोशंकराच्या देवळाजवळ सावलीची बाजू धरा. रामकुंडाशी मागे सतत माणसं येतात. पण खरं सांगू का, घरची खिडकी सगळ्यात बरी. थेट ऊन न येणारी बघा. खुर्च्या खिडकीपासून तीन-चार फुटांवर, किंचित तिरक्या. दुसऱ्या बाजूला पांढरं कार्डशीट किंवा धुतलेलं धोतर ताणून धरा, गालावरची काळी सावली उघडते. ट्यूबलाइट मात्र बंदच, नाहीतर अर्धा चेहरा निळसर, अर्धा हिरवट.

इंदिरानगरकर
आणि चष्म्याचं काय? आजोबा काढायला तयार नाहीत.

उजेडवाला
काढू नकाच, त्याशिवाय ते आजोबा वाटणार नाहीत. काड्या कानावरून अर्धा सेंटिमीटर उचला, काचा खाली झुकतात आणि खिडकीचं प्रतिबिंब कॅमेऱ्याकडे येत नाही. तरी चमक राहिली तर खुर्ची थोडी फिरवा.

घाटावरची
पांढरी टोपी असेल तर एक्स्पोजर थोडं कमी, −०.३ किंवा −०.७ करून बघा. टोपीची वीण दिसली पाहिजे, एकदा पांढरी फटक गेली की नंतर काही परत येत नाही. "स्माइल प्लीज" म्हणू नका, दोघं पासपोर्ट फोटोला बसल्यासारखी ताठ होतात. आजोबांच्या हातात अडकित्ता द्या, आजींना लग्नात मानपान कोणाचं राहिलं ते विचारा. आजी सांगायला लागल्या की आजोबा आपोआप तिकडे वळतात. बर्स्ट, म्हणजे ओळीने भराभर फोटो, चालू ठेवा.

उजेडवाला
१२ × १८ चं प्रमाण सेन्सरचंच, ३:२, म्हणजे क्रॉप न करता पूर्ण फाइल बसते आणि ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) सहज मिळतो. लॅबला फाइल पेनड्राइव्हवर द्या, व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवली तर लहान होऊन जाते. कागद मॅट सांगा. आणि सुरकुत्या पुसू नका असं बजावून सांगा, लॅबवाले न विचारता गुळगुळीत करतात.