चुलीतली उष्णता वाचवली, धुराचं काय?

निखारा (धागाकर्ता)

घन इंधनाच्या चुली आणि भट्ट्यांचा इतिहास बहुतेक ठिकाणी पायऱ्या चढत गेल्यासारखा सांगतात: आधी उघडा जाळ, मग धुराडं, मग बिडाची बंद चूल, मग पेलेटवर (भुसा दाबून केलेल्या लाकडी गोळ्यांवर) चालणारं यंत्र. मला हे पटत नाही. या विकासाचा फार मोठा काळ उष्णता वाचवण्यात गेला. जळण नीट जळतंय का, हा प्रश्न मागे पडला, आणि कित्येकदा पहिलं साधताना दुसरं बिघडलं.

मूळ लाकडातच आहे. कोरडं लाकूड तापलं की वजनाच्या सुमारे ८० टक्के भाग वायू आणि बाष्प होऊन बाहेर पडतो. ज्योत दिसते ती या वायूंची. ते पूर्ण जळायला साधारण ६०० अंश सेल्सियस किंवा त्याहून जास्त तापमान, पुरेशी हवा आणि दोन्ही मिसळायला थोडा अवधी लागतो. यातलं एक जरी कमी पडलं तरी त्या वायूंचा धूर होतो. आता उष्णता लवकर हाती यावी म्हणून ज्योतीला चारी बाजूंनी थंड लोखंड लावलं, किंवा भांडं अगदी जवळ आणलं, तर ज्योत अर्धवट जळून निवते आणि काजळी धरते.

अमेरिकेतल्या बेंजामिन फ्रँकलिन यांची १७४० च्या दशकातली चूल पाहा. धूर आधी खाली वळवायचा आणि मग धुराड्यात सोडायचा, म्हणजे वाटेत त्याची उष्णता खोलीला मिळेल. पण निवलेल्या धुराला वर चढायला जोर उरत नसे. चूल घरातच धुरायची आणि फारशी खपलीही नाही. त्याच्या अर्धशतक आधी, १६८० च्या दशकात, पॅरिसमध्ये दालेम यांनी धूर पेटत्या निखाऱ्यांतून खाली ओढणारी चूल दाखवली होती. तिच्यात धूरच जळून जायचा. म्हणजे खरी कल्पना समोर होती, आणि तरीही ती घरोघरच्या चुलीत उतरली नाही.

सगळ्यात वाईट काळ १९७३ च्या तेलसंकटानंतरचा. अमेरिकेत हवाबंद लोखंडी चुली घरोघरी आल्या. झडप जवळपास मिटून त्या रात्रभर धुमसत ठेवायच्या. लाकूड पुरायचं, पण धुराड्यात डांबरासारखा थर साचायचा आणि कधी तोच पेट घ्यायचा. अमेरिकेने १९८८ मध्ये नव्या लाकडी चुलींच्या उत्सर्जनावर मर्यादा घातली, तेव्हा कुठे धूर जाळायला वरून जादा हवा देणाऱ्या नळ्या आणि कमी तापमानातही धूर पेटवणाऱ्या उत्प्रेरक जाळ्या सरसकट बसू लागल्या. २०२० पासून ती मर्यादा ताशी २ ग्रॅम धूरकण एवढी आहे. हे आधी का झालं नाही? माझ्या मते, कोणी मागितलंच नाही म्हणून.

मातीकाम

निखारा, तुमची मांडणी एकांगी आहे. उष्णता वाचवणं हा काही शौक नव्हता, जंगलं संपत होती. आणि उष्णता की ज्वलन, असा झगडा कायमच होता हेही खरं नाही.

स्वीडनमध्ये लाकूडटंचाईमुळे सरकारनेच कार्ल योहान क्रोनस्टेड्ट आणि फाबियान व्रेडे यांना नवी शेगडी करायला सांगितलं. १७६७ मध्ये त्यांची रचना आली. विटांची उंच शेगडी, आत धुराचे वरखाली फिरणारे मार्ग. तिच्यात जाळ दबवून ठेवायचा नसतो. भरपूर हवा देऊन थोडा वेळ भडक जाळायचं, जाळ संपला की झडप लावायची आणि विटांनी धरलेली ऊब पुढे तासन्‌तास घ्यायची. जळण्याची वेळ वेगळी, ऊब घेण्याची वेळ वेगळी. तुम्हाला हवं ते ज्वलन इथे आहे आणि लाकडाची बचतही आहे. अडीचशे वर्षांपूर्वी!

रमफर्ड यांनाही तुम्ही गाळलंत. १७९० च्या दशकात त्यांनी उघडी शेकोटी आतून उथळ केली, बाजूच्या भिंती तिरप्या केल्या आणि धुराड्याचा घसा अरुंद केला. खोलीतला धूर गेला आणि उष्णता समोर फेकली जाऊ लागली. नुसत्या भूमितीने हे साधलं.

लोखंडकाम

मातीकाम, विटांच्या शेगडीबद्दल पूर्ण सहमत. पण यातून "जाड माती म्हणजे चांगली चूल" असा अर्थ कोणी काढू नये, कारण ही चूक प्रत्यक्षात मोठ्या प्रमाणावर झालेली आहे. १९७६ च्या भूकंपानंतर ग्वातेमालात माती आणि वाळूची 'लोरेना' चूल आली. दिसायला भक्कम, धुराडं असलेली. पुढे मोजमाप झालं तेव्हा दिसलं की नीट सांभाळलेल्या उघड्या जाळापेक्षाही ती जास्त लाकूड खाऊ शकते. माती जाळाची उष्णता पिऊन टाकते आणि भांड्यापर्यंत कमी पोचते. खोली उबवायला जी जाड भिंत वरदान, तीच भांडं तापवायला अडथळा.

त्यातूनच १९८० च्या दशकात लॅरी विनियार्स्की यांची रॉकेट चूल निघाली. इंग्रजी एल अक्षरासारखी नळी, भोवती हलका उष्णतारोधक थर, लाकडाची फक्त टोकं आत. नळीच्या भिंती चटकन तापतात, ज्योत आतच पूर्ण होते आणि मग भांड्याला भिडते. निखारा यांनी जे तत्त्व सांगितलं ते इथे आहे, पण त्याला लागते हलकी भिंत. वजनदार नव्हे.

श्वास

तुम्ही तिघं यंत्राच्या प्रेमात आहात. घरात घन इंधन जाळणं बंद करणं हाच मार्ग आहे, आणि चुली 'सुधारण्यात' घालवलेला प्रत्येक रुपया हे लांबवतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या धुरामुळे २०२० मध्ये सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. पीएम २.५ (हवेतले अतिसूक्ष्म कण) ची तिची वार्षिक मर्यादा २०२१ पासून घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम आहे. सुधारित चूल वापरणारं घर तिच्या आसपासही येत नाही. मलावीमध्ये पंख्याच्या चुली दिल्या, पाच वर्षांखालची १० हजारांहून अधिक मुलं अभ्यासात होती. न्यूमोनियात फरक पडला नाही. याला तुम्ही प्रगती कशी म्हणता?

ठिणगी

श्वास, पुरावा अर्धाच ठेवू नका. ग्वातेमाला, भारत, पेरू आणि रवांडा इथे सुमारे ३,२०० गरोदर स्त्रियांचा अभ्यास झाला, त्यातल्या साधारण निम्म्यांच्या घरी एलपीजी शेगड्या दिल्या. धुराशी येणारा संपर्क बराच घटला, तरी बाळाचं जन्मवजन किंवा तीव्र न्यूमोनिया यांत ठोस फरक दिसला नाही. मग गॅसही निरुपयोगी म्हणायचा का? मुळीच नाही. बाहेरची हवा, जाळला जाणारा कचरा, शेजारचा धूर, सगळं मिळून श्वासात येतं. एकाच साधनावर सगळा भार टाकून निकाल काढायचा नाही. आणि ज्यांच्यापर्यंत गॅस किंवा वीज भरवशाने पोचलेली नाही त्यांनी तोवर काय करायचं, याचं उत्तर तुमच्या प्रतिसादात नाही.

श्वास

उत्तर आहे. तो 'तोवर'च मला खटकतो. १९८० च्या दशकापासून तोवर, तोवर चाललंय. आणि एलपीजीच्या त्या अभ्यासात संपर्क निदान खरोखर घटला. लाकडाच्या चुलीने तेवढं घरात करून दाखवावं, मग बोलू.

भट्टीवाला

कारखान्यातल्या भट्टीचा विचार इथे कोणी केला नाही. जेम्स वॉट यांनी १७८५ मध्येच धूर जाळणाऱ्या भट्टीचं पेटंट घेतलं होतं. पुढे सरकत्या जाळ्या आल्या, मग पिठासारखा दळलेला कोळसा, मग वाळूच्या उसळत्या थरात साधारण ८०० ते ९०० अंशांवर ज्वलन, जिथे चुनखडी टाकून गंधकही पकडता येतो. हे सगळं जमलं कारण इंधन एकसारखं, भरणी अखंड, आणि हवा पंख्याने मोजून दिलेली. घरच्या चुलीत ओंडका कधी ओला, कधी जाड, आणि हवा धुराड्याच्या ओढीवर. फरक बुद्धीचा नाही, जळणाचा आहे.

निखारा (धागाकर्ता)

भट्टीवाल्यांचा मुद्दा मला सर्वांत जवळचा वाटतो. पेलेटचं यश यातच आहे. ६ किंवा ८ मिलिमीटर जाडी, ओलावा १० टक्क्यांच्या आत, भरणी स्क्रूने, हवा पंख्याने. चुलीइतकंच तिथे जळण घडवलेलं आहे. वरून पेटवायच्या गॅसीकारक (लाकडाचा आधी वायू करून मग तो जाळणाऱ्या) चुलीतही तेच: बारीक, कोरडे तुकडे असतील तर ज्योत निळसर आणि शांत, ओला ओंडका कोंबला तर सगळी रचना फुकट.

मातीकाम, स्वीडिश शेगडी माझ्याच बाजूने बोलते. तिने ज्वलनाला आधी जागा दिली, म्हणून ती आजही टिकून आहे.

श्वास, जिथे गॅस किंवा वीज येऊ शकते तिथे ती यावी, यावर माझा वाद नाही. पण चुलीची परीक्षा प्रयोगशाळेत, सुक्या चिरलेल्या लाकडावर, तयार माणसाच्या हातून होते आणि त्या आकड्यावर ती वाटली जाते, हे मला जास्त घातक वाटतं. चाचणी त्या घरातल्या जळणावर, तिथल्या माणसाच्या हातून, जुनी चूल शेजारी पेटती असताना व्हायला हवी. त्यात जी नापास होईल ती वाटूच नये, मग ती प्रयोगशाळेत कितीही वरच्या श्रेणीची ठरलेली असो.

श्वास

ही अट लावा, मग मी विरोध करणार नाही. माझा अंदाज एवढाच की फार थोड्या चुली उरतील.