डायब्लो ३: मंक लेव्हल ३४ ला अडकलाय, ७० पर्यंत पटकन कसा न्यायचा?

सिडकोचा_साधू

मंडळी मदत पाहिजे. डायब्लो ३ गेम, पीसीवर, सीझन कॅरेक्टर (म्हणजे दर सीझनला शून्यापासून नवीन). याआधी बार्बेरियन ७० ला नेलाय पण नॉन सीझन आणि तोही मजेत, घाई नव्हती. यावेळी मंक घेतला कारण धाकटा भाऊ म्हणे नाशिकचा आहेस, २०२७ ला सिंहस्थ आहे, साधूच घे. घेतला. पहिली वीस लेव्हल एकदम भारी गेली, आणि आता ३४ ला कसारा घाटात बंद पडलेल्या ट्रकसारखं झालंय, गाडी हलतच नाही.

मास्टर डिफिकल्टीवर खेळतोय कारण एक मित्र म्हणाला तिथे २०० टक्के एक्सपी (लेव्हल वाढवणारे गुण) जास्त मिळतो. मिळत असेल पण साधा झॉम्बी मारायला सात आठ फटके लागतात, एलिट (दांडगा राक्षस) आला की दोन तीन मिनिटं त्याच्याभोवती फुगडी घालायची आणि मग मरायचं. काल रात्री दहा ते बारा बसलो, दीड लेव्हल झाली फक्त. अंबडला सेकंड शिफ्ट असली की तेवढंही जमत नाही.

हातात ऑरेंज डायबो (मंकची दोन हातांनी धरायची काठी) आहे, १९ ला मिळालेला, लेजेंडरी आहे म्हणून बदलला नाही. स्किल्स दर लेव्हलला बदलून बघतोय, लॅशिंग टेल किक, वेव्ह ऑफ लाइट, सगळं करून झालं. बिल्ड (स्किल्सची जुळणी) नक्की कुठला वापरायचा ३४ ते ७०? डायबो बरा की दोन हातात दोन शस्त्रं? आणि रिफ्ट (राक्षसांनी भरलेली वेगळी गुहा) करू की बाउंटी (नकाशावरची ठरलेली कामं)?

मिसळ_क्रिट

भावा तुझा बिल्डचा प्रॉब्लेमच नाहीये, तुझ्या हातातल्या काठीचा प्रॉब्लेम आहे.

डायब्लो ३ मध्ये प्रत्येक स्किलचं डॅमेज हे वेपन डॅमेजच्या टक्क्यात असतं. फिस्ट्स ऑफ थंडर असो नाहीतर वेव्ह ऑफ लाइट, सगळ्यांचा पाया तुझं शस्त्र. १९ ची काठी घेऊन ३४ ला फिरतोयस म्हणजे पंधरा लेव्हल राक्षसांचं लाइफ वाढत गेलं आणि तू तिथल्या तिथे. मग स्किल कितीही बदल, शून्याला कशानेही गुणलं तरी काय येणार. लेजेंडरीचा रंग बघून लोक अडकतात, मी पण अडकलोय, माझ्या विझार्डने ११ ची कांडी ३० पर्यंत वापरली होती आणि मी म्हणत होतो विझार्ड क्लासच फालतू आहे.

आत्ताच्या आत्ता गावात जा, ब्लॅकस्मिथकडे तुझ्या लेव्हलच्या जवळचा पिवळा (रेअर, निळ्याच्या वरचा) डायबो बनव. मटेरियल नसेल तर पिशवीत साठलेले निळे पिवळे सगळे तोड, मिळतं. तेही नको असेल तर शस्त्र विकणाऱ्याकडे जाऊन बघ, निळं शस्त्र सुद्धा तुझ्या ऑरेंजपेक्षा मोठा आकडा दाखवेल. दर पाच सहा लेव्हलला हे करायचंच, प्रेमात पडायचं नाही. शस्त्राला सॉकेट (रत्न बसवायचं भोक) असेल तर त्यात माणिक बसव, म्हणजे रुबी, लहान लेव्हलला त्याचा सरळ डॅमेज मिळतो तो फार मोठा असतो. आणि दुसरा रुबी हेल्मेटमध्ये, तिथे तो एक्सपी वाढवतो. लोक हेल्मेटमध्ये डायमंड वगैरे घालून बसतात लेव्हलिंगला, कशाला?

डायबो की दोन शस्त्रं, याच्यात डोकं घालू नकोस. दोन शस्त्रांना अटॅक स्पीड १५ टक्के जास्त मिळतो, डायबोचा एकेक फटका मोठा. ज्याचा आकडा मोठा ते हातात.

गंगेवरचा_गेमर

वरच्याशी सहमत पण मास्टरचं कुणी बोललं नाही, खरा घोळ तिथे आहे.

हिशोब बघ. हार्डवर राक्षसांचं लाइफ नॉर्मलच्या दुप्पट, एक्सपी बोनस ७५ टक्के. एक्स्पर्टला लाइफ ३२० टक्के, एक्सपी बोनस १००. मास्टरला लाइफ ५१२ टक्के, एक्सपी बोनस २००. म्हणजे मास्टरवर एक्सपी नॉर्मलच्या तिप्पट पण मारायला पाचपट घाम. मित्राने तुला अर्धंच सांगितलं. तुझ्या एका फटक्यात राक्षस मरत असेल आणि वर डॅमेज वाया जात असेल तरच डिफिकल्टी वाढवण्यात अर्थ आहे, कारण पाचपट लाइफ असलं तरी एकाच फटक्यात जातोय. सात फटके लागतायत म्हणजे तू स्वतःहून तोट्याचा धंदा करतोयस.

माझा नियम साधा: पांढरा म्हणजे साधा राक्षस एक दोन फटक्यात, एलिट वीस पंचवीस सेकंदात. याच्यापेक्षा जास्त लागलं की खाली. खाली यायला गेम सोडायला लागत नाही, मेनूतून चालू गेममध्येच होतं. वर जायला मात्र बाहेर पडून नवीन गेम. त्यामुळे नवीन शस्त्र मिळालं की एकदा बाहेर पड, एक पायरी वर चढून बघ, जड गेलं तर परत खाली. मी एका लेव्हलिंगमध्ये दहा बारा वेळा तरी वर खाली करतो.

आणखी एक, पटपट मारलं की मॅसेकर बोनस मिळतो, एका पाठोपाठ एक मारत राहिलास की आकडा चढत जातो आणि शेवटी जास्तीचा एक्सपी. मास्टरवर फुगडी घालत बसलास तर हा बोनस दिसणारच नाही.

इंदिरानगर_ताई

मी सगळ्यात जास्त मंकच खेळलेय त्यामुळे जरा सविस्तर लिहिते, शस्त्र आणि डिफिकल्टीचं वर सांगून झालंय, ते आधी कर, हे त्याच्यानंतरचं.

पहिलं, ऑप्शन्समध्ये गेमप्लेमध्ये जाऊन इलेक्टिव्ह मोड चालू आहे का बघ. नसेल तर एका गटातलं एकच स्किल घेता येतं आणि स्वीपिंग विंड आणि डॅशिंग स्ट्राइक दोन्ही टेक्निक्स गटातले आहेत, दोन्ही एकत्र मिळणार नाहीत. मी पहिल्या कॅरेक्टरला ५० पर्यंत हे माहीत नसताना खेळलेय, हसू नका.

आता खेळायचं कसं. मंकचं सगळं स्पिरिटवर (स्किल वापरायला खर्च होणारी ताकद) चालतं आणि स्पिरिट बार्बेरियनच्या फ्युरीसारखं गप्प बसलं की उतरत नाही, साठवून ठेवता येतं. जनरेटर म्हणजे स्पिरिट भरणारं स्किल म्हणून फिस्ट्स ऑफ थंडर, थंडरक्लॅप रूनने (रून म्हणजे स्किलचा प्रकार), तो टार्गेटपर्यंत उडी मारून नेतो त्यामुळे चालत जायचा वेळ वाचतो. स्वीपिंग विंड, अंगाभोवती फिरणारा वारा, २१ ला उघडतं, तुला मिळालेलं आहे, ते एकदा लावलं की मारत राहीपर्यंत विझत नाही. गंमत अशी की ते विझू न देणं हाच मंकच्या लेव्हलिंगचा अर्धा खेळ आहे, म्हणजे एक घोळका संपला की दुसऱ्याकडे डॅशिंग स्ट्राइकने जायचं, मध्ये उभं राहून लूट वाचत बसायचं नाही. मी तर पिवळं सोडून काही उचलतच नाही, निळं फक्त मटेरियल कमी असेल तर.

आणि माझी आवडती जोडी, सायक्लोन स्ट्राइक आणि एक्स्प्लोडिंग पाम. आधी सायक्लोनने आजूबाजूचे सगळे स्वतःकडे ओढायचे, दिवाळीत सुतळी बॉम्बभोवती पोरं जमतात तसे जमतात बघ. मग त्यातल्या एकाला पाम लावायचा, ज्याचं लाइफ कमी त्याला, कारण तो मेला की फुटतो आणि बाकीच्यांना लागतं. नवीन लोक उलटं करतात, एलिटलाच पाम लावतात, तो मरतच नाही मग फुटणार कोण. आधी बारका मारा, एलिट धूर खाईल.

पॅसिव्हमध्ये (न दाबता आपोआप चालणारी स्किल्स) फ्लीट फूटेड ठेव, चालण्याचा वेग वाढतो, लेव्हलिंगला वेग म्हणजेच एक्सपी. ५८ ला निअर डेथ एक्स्पिरियन्स मिळेल, मरायच्या वेळेला एकदा वाचवतो, तो तुला लागेल असं वाटतंय (राग मानू नकोस). ६१ ला एपिफनी आलं की मग काही विचारूच नकोस.

रिफ्ट की बाउंटी, तर रिफ्ट. नेफेलम रिफ्टला चावी लागत नाही, घोळके दाट असतात, गार्डियन (रिफ्टचा शेवटचा मोठा राक्षस) मारून गावात रिफ्टवाल्या ओरेकशी बोललं की वर एक्सपीचा गठ्ठा. बाउंटीला नकाशावर शोधत फिरावं लागतं. बाहेर फिरताना पूल ऑफ रिफ्लेक्शन दिसला, ते चमकणारं कुंड, तर प्यायलाच पाहिजे, २५ टक्के एक्सपी जास्त, पण मेलास की गेलं. आपल्या रामकुंडात डुबकी मारून पुण्य घ्यायचं आणि घाटावरच्या पायऱ्या चढताना घालवायचं, तसलं.

मिसळ_क्रिट

ताई पाम वालं बरोबर पण ३४ ला स्पिरिट पुरत नाही सायक्लोन आणि पाम दोन्ही दाबायला, मी टेम्पेस्ट रश घेऊनच पळतो. ते ५ ला उघडतं, वाटेतले चिल्लर आपोआप पडतात.

इंदिरानगर_ताई

पुरतं रे. सायक्लोन प्रत्येक घोळक्याला एकदाच दाबायचं, तू दाबून धरत असशील. टेम्पेस्ट रश दाबून धरलं की स्पिरिट गळक्या टाकीसारखं जातं ते चालतं का तुला?

मिसळ_क्रिट

बरं, हे खरंय 😅

गंगेवरचा_गेमर

एक राहिलं, फार महत्त्वाचं. तुझ्याकडे आधीचा ७० चा बार्बेरियन आहे ना, मग या आठवड्याची चॅलेंज रिफ्ट केलीस का? तिथे तुझं कॅरेक्टर लागत नाही, कुणा दुसऱ्याच्या बिल्डने खेळायचं असतं, एकदा वेळेत पूर्ण केली की जी पेटी मिळते ती सीझनच्या मंकवर उघड. त्यात सोनं, मटेरियल, ३५ डेथ्स ब्रेथ (हे पण एक मटेरियल) आणि ४७५ ब्लड शार्ड (गेममधलं वेगळं चलन) असतात. सोन्यात ब्लॅकस्मिथ वर जातो, म्हणजे पिवळ्या डायबोचा प्रश्न मिटला.

शार्डची एक गोची आहे. सुरुवातीला ५०० च्या वर शार्ड साठत नाहीत. ४७५ घेऊन रिफ्टमध्ये गेलास तर गार्डियनचे शार्ड जमिनीवरच राहणार. म्हणून आधी गावातल्या कडालाकडे (ती शार्ड घेऊन नशिबावर वस्तू देते) जाऊन उडव. पण शस्त्रावर नको, एक शस्त्र ७५ ला, ४७५ मध्ये सहाच येतात आणि त्यात काय निघेल देव जाणे. चिलखत, बूट, हातमोजे २५ ला एक, १९ वस्तू येतात.

आणि तो १९ चा ऑरेंज डायबो विकू नकोस तोडू नकोस! अ‍ॅक्ट ३ मध्ये रुइन्स ऑफ सेशेरॉनला जाऊन कनाइज क्यूब आण, दर सीझनला नव्याने आणावा लागतो. डायबोवर खाली ऑरेंज अक्षरात खास पॉवर लिहिलेली असेल तर ती क्यूबमध्ये काढून घेता येते, ५ डेथ्स ब्रेथ आणि पाच अ‍ॅक्टचं प्रत्येकी एक मटेरियल लागतं, ते पण पेटीत मिळतं. डायबो जातो पण पॉवर कायमची तुझी, आणि हातात नवीन पिवळा. लेजेंडरी पण गेला नाही आणि काठी पण बदलली.

रात्रपाळी_हार्डकोअर

सगळं छान, फक्त एक विनंती, हार्डकोअर (एकदा मेला की कॅरेक्टर कायमचं गेलं) करू नकोस नाशिकमध्ये राहून. पीसीवर हा गेम सतत नेटवर चालतो, एकटा खेळलास तरी. माझा हार्डकोअर मंक, ६६ ला होता, मे महिन्यातली संध्याकाळ, वळवाचा पाऊस आला आणि लाइट गेली. यूपीएसवर पीसी चालू, राउटर मात्र भिंतीवरच्या साध्या प्लगला. स्क्रीनवर माझा मंक पुतळ्यासारखा उभा आणि मला वाटलं लॅग आहे. लाइट आली तेव्हा कॅरेक्टर लिस्टमध्ये फक्त थडगं. आता राउटरला पण वेगळा बॅकअप लावलाय, ६६ लेव्हलनंतर शहाणपण.

तपोवन_लर्कर

धाग्याचा विषय नाही पण सांगतो, गोष्टीत मंक इव्हगोरॉडचा असतो आणि त्यांचे १००१ देव. आपल्या पंचवटीत एका गल्लीत तेवढे निघतील.

सिडकोचा_साधू

दोन दिवसांनी लिहितोय. आधी सगळ्यांना साष्टांग नमस्कार.

चॅलेंज रिफ्ट पहिल्या वेळेला वेळेत झाली नाही, दुसऱ्याचे बटण कुठे काय तेच कळेना, दुसऱ्या वेळेला झाली. पेटी उघडली, ब्लॅकस्मिथ वर नेला, पिवळा डायबो बनवला. आकडा बघून आधी स्वतःचीच लाज वाटली, जुन्याच्या दुपटीच्या वर होता. डिफिकल्टी हार्डवर आणली आणि पहिला झॉम्बी एका फटक्यात गेला तेव्हा मी मोठ्याने हसलो, आई आतून म्हणाली काय झालं रे.

काल रात्री दहा ते बारा, तेवढेच दोन तास, ३४ वरून ४६. मध्ये ४१ ला परत शस्त्र बदललं. ताई, पाम बारक्याला लावायचं ऐकलं आणि एक अख्खा हॉल फुटत गेला, अजून डोळ्यासमोर आहे. इलेक्टिव्ह मोड बंदच होता, अर्थात.

ऑरेंज डायबोचं मात्र गंमत झाली. क्यूब आणायला सेशेरॉनला गेलो, आणला, परत आलो आणि डायबो नीट वाचला तर खाली खास पॉवर काही नव्हतीच, नुसते आकडे. पंधरा लेव्हल मी त्याला देव मानून फिरवत होतो. ब्लॅकस्मिथकडे तोडला.

राउटर अजून भिंतीवरच आहे. सॉफ्टकोअर आहे म्हणून चालेल ना?

रात्रपाळी_हार्डकोअर

चालेल. ढग दिसले तर गावात उभा राहा.