मदत हवी: टर्मिनलवरून फोनवर ॲप टाकून राहिलो, पण आतला मजुरीचा हिशोब उडेल का?

नमस्कार मंडळी, मी राळेगाव तालुक्यातला, यवतमाळ जिल्हा. घरची कापसाची शेती. वेचणीच्या बायांचा हिशोब ठेवायला छोटं ॲप लिहिलं, संध्याकाळी काट्यावर कोणाचा किती किलो भरला ते आई तिच्या फोनवर टाकते, बाजाराच्या दिवशी त्यावरूनच मजुरी देतो.

लॅपटॉप जुना, ४ जीबी रॅम, लिनक्स. ॲप बनवायचा अँड्रॉइड स्टुडिओ उघडला की सगळंच थांबते. एम्युलेटर, म्हणजे लॅपटॉपवरच चालणारा नकली फोन, आधी केव्हीएम (लिनक्समधली व्हर्च्युअलायझेशनची सोय) नाही म्हणे, बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू केल्यावर उघडला पण इतका हळू की कामाचा नाही, म्हणून कमांडनं आईच्याच फोनवर चालवून पाहून राहिलो.

एडीबी म्हणजे लॅपटॉपवरून फोनला हुकूम द्यायचं साधन. जोडलेले फोन दाखवणारी 'एडीबी डिव्हायसेस' कमांड दिली तर यादी रिकामी. केबल नुसती चार्जिंगची निघाली, दोन दिवस त्यातच गेले. दुसरी लावली तर 'अनऑथराइज्ड', अन् फोनवर परवानगीची चौकटच येईना. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये जाऊन यूएसबी डीबगिंगच्या जुन्या परवानग्या रद्द केल्या, 'एडीबी किल-सर्व्हर' केलं, फोनचं लॉक उघडं ठेवून परत जोडला तेव्हा आली. कोणी तिथं अडकलं असेल तर हे करून पाहा.

आता ॲप बनवून फोनवर टाकणारी 'ग्रेडलडब्ल्यू इन्स्टॉलडीबग' कमांड दिली की बिल्ड (ॲप बनणं) नीट होते अन् शेवटी 'इन्स्टॉल फेल्ड अपडेट इनकम्पॅटिबल', म्हणजे नवं ॲप जुन्यावर बसत नाही. जिथं पाहा तिथं एकच उत्तर, जुनं ॲप काढून टाका. कसं काढू? दिवाळीपासूनचा हिशोब त्यातच आहे, कागदावर काही नाही, अन् तो पैसा आमचा नाही, बायांचा आहे. जुनं ॲप मित्राच्या कॉम्प्युटरवर बनवलं होतं, त्याचं काही असेल का?

प्रतिसाद
भाऊ, अनइन्स्टॉल अजिबात करू नका, डेटा त्याच्यासोबतच जातो. कारण तेच आहे, मित्राचा कॉम्प्युटर. डीबग बिल्डवर (चाचणीसाठी बनवलेल्या ॲपवर) सही करणारी किल्ली दर मशीनवर वेगळी बनते, सही जुळली नाही तर फोन अपडेट घेत नाही. मित्राच्या कॉम्प्युटरवर त्याच्या होम फोल्डरमध्ये डॉट-अँड्रॉइड नावाचं लपलेलं फोल्डर असते, त्यातली 'डीबग डॉट कीस्टोर' ही किल्लीची फाइल आणा, तुमची जुनी बाजूला ठेवून तिथंच ही टाका अन् परत बिल्ड करा. व्हर्जन कोड (ॲपच्या आवृत्तीचा आकडा) जुन्यापेक्षा कमी नको.

पण त्याच्याआधी डेटाबेस, म्हणजे हिशोबाच्या नोंदींची फाइल, लॅपटॉपवर काढून घ्या. जुनं ॲप डीबग बिल्डच असेल तर 'एडीबी एक्झेक-आउट रन-ॲज', पुढं पॅकेजचं नाव, मग 'कॅट' अन् फाइलचा रस्ता, ते लॅपटॉपवरच्या फाइलीत वळवा. ॲप आधी फोर्स-स्टॉप (पूर्ण बंद) करा. शेजारी नावाच्या शेवटी 'वॉल' (डब्ल्यूएएल) असलेली फाइल दिसली तर तीही घ्या, ताज्या नोंदी बरेचदा तिच्यातच असतात.

धागाकर्ता
झालं भाऊ! आधी डेटाबेस काढला, वॉलवाली फाइल सोडली होती तर शेवटच्या तीन दिवसांचे किलोच दिसेनात, जीव घाबरला, ती घेतल्यावर सगळं दिसलं. मग पेनड्राइव्हवर किल्ली आणली, बिल्ड केलं, ॲप वरच्यावर बसलं, एकही नोंद हलली नाही. आजचं वजन आईनं त्यातच टाकलं. लय उपकार झाले.