रेडिस ७.२, ७.४ की ८? ग्राहकाच्या सर्व्हरवर सोबत देताना परवान्याचं काय करायचं

बिल्डवाला

आमचं सॉफ्टवेअर ग्राहकाच्या स्वतःच्या सर्व्हरवर बसतं. डॉकर कंपोजच्या (अनेक कंटेनर एकत्र चालवणारं साधन) एकाच फाइलमध्ये आमचं ॲप, पोस्टग्रेस हा डेटाबेस आणि रेडिस (मेमरीत डेटा ठेवणारा सर्व्हर). रेडिसचा वापर सेशन, कॅश आणि कामांच्या रांगेसाठी. त्याच्या कोडला हात लावलेला नाही, ॲप सॉकेटवरून बोलतं. इमेजचा टॅग नुसता 'रेडिस:७' असल्यामुळे जुन्या ग्राहकांकडे ७.२ आहे आणि नंतर बसवलेल्यांकडे ७.४.

तीन शंका आहेत. एक, बीएसडी या मोकळ्या परवान्याखाली मिळालेली ७.२ रेडिसच्या कंपनीला मागे घेता येते का? दोन, ८ मध्ये एजीपीएल (सोर्स खुला ठेवायला लावणारा परवाना) आलंय, ते घेतलं तर आमचा कोड उघडा करावा लागेल का? तीन, आमची स्वतःची यंत्रणा टेराफॉर्मवर (सर्व्हर वगैरे कोडमधून उभारायचं साधन) चालते. ओपनटोफू या त्याच्या फोर्कला (जुन्या कोडवरून निघालेल्या वेगळ्या प्रकल्पाला) गेलेल्या नोटिशीची बातमी वाचून वरिष्ठ म्हणतात तेही काढून टाका. घाबरण्यासारखं खरंच आहे का?

उपकलम१३

परवाना रेडिस या नावाला नसतो, तुमच्या हातातल्या प्रतीला असतो. त्यामुळे आधी प्रत्येक ठिकाणची नेमकी आवृत्ती लिहून काढा. ७.२ ची अख्खी मालिका तीन कलमी बीएसडी. ७.४ ला आरएसएएल २ किंवा एसएसपीएल (सेवा म्हणून देण्यावर बंधनं घालणारे दोन परवाने), यातलं एक घेणाऱ्याने निवडायचं. मे २०२५ मध्ये आलेल्या ८.० पासून एजीपीएल ३ हा तिसरा पर्याय. एकाच टॅगमुळे तुमच्याकडे दोन वेगळे परवाने आले आहेत, हा खरा घोळ. टॅग सरकतो, म्हणजे तेच नाव पुढे नव्या आवृत्तीवर जातं. कंपोजमध्ये पूर्ण आवृत्ती लिहा आणि जमलं तर इमेजचा शा-२५६ डायजेस्टच (त्या इमेजचा न बदलणारा ठसा) टाका.

मागे घेण्याबद्दल: अपाची २ आणि जीपीएल ३ मध्ये परवाना रद्द न होणारा असल्याचं स्पष्ट लिहिलंय, बीएसडीत तो शब्द नाही. त्यावरून दर वेळी धुरळा उडतो. पण बीएसडीत रद्द करायचं कलमही नाही, आणि परवाना बदलण्याची २० मार्च २०२४ ची घोषणा पुढच्या आवृत्त्यांपुरतीच होती. अटी पाळल्यात तर ७.२ तुमचीच. अट मात्र खरंच पाळा: नुसती बायनरी दिली तरी कॉपीराइटची ओळ, अटी आणि हमी नाकारणारा मजकूर सोबतच्या कागदपत्रांत असावाच लागतो. निम्म्या उत्पादनांत तो नसतो.

७.४ बद्दल 'त्रास फक्त क्लाउड कंपन्यांना' असं सगळीकडे छापून आलं. आरएसएएलचा मजकूर उघडून वाचा. सेवा म्हणून देऊ नका, एवढ्यावर तो थांबत नाही. सॉफ्टवेअरची क्षमता तिसऱ्या पक्षाच्या हाती पडेल अशा रीतीने त्याचं वाटपही करू नका, असं त्यात आहे. म्हणजे कंपोज फाइलने रेडिसचा ६३७९ पोर्ट बाहेर उघडा ठेवला असेल आणि ग्राहकाची माणसं त्यावर आपल्या स्क्रिप्टा चालवत असतील, तर तुम्ही त्या वाक्याच्या फार जवळ उभे आहात. पोर्ट आतल्या नेटवर्कपुरताच ठेवा. कंपनीचं प्रश्नोत्तरांचं पान बरंच सौम्य बोलतं, पण समोरचा वकील आधी परवाना वाचणार.

गंमत अशी, की ७.४ ठेवायचीच असेल तर तुमच्यासाठी बदनाम एसएसपीएलच सोयीचं. त्याचं जहाल कलम १३ सॉफ्टवेअर सेवा म्हणून देणाऱ्यासाठी आहे. त्याला देखरेख, बॅकअप, होस्टिंगच्या यंत्रणेसकट सगळा सोर्स द्यावा लागतो. नुसती प्रत ग्राहकाला देणाऱ्यावर जीपीएलच्याच धर्तीची जबाबदारी येते. उद्या तुम्ही होस्टेड आवृत्ती काढलीत तर हा हिशोब पुन्हा मांडावा लागेल.

आता एजीपीएल. न बदललेलं रेडिस ८ वेगळ्या प्रोसेसमध्ये, ॲप सॉकेटवरून बोलतंय, क्लायंट लायब्ररी एमआयटी परवान्याची (रेडिस-पाय आणि जेडिस दोन्ही तशाच). यात तुमचा कोड उघडा करण्याचं कारण दिसत नाही. पाइप आणि सॉकेट ही साधारणपणे दोन स्वतंत्र प्रोग्रॅममधली साधनं, असं फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचंही म्हणणं आहे. एजीपीएलचं कलम १३ तुम्ही प्रोग्रॅम बदललात तरच जागं होतं. पण कोणी सी मध्ये मॉड्यूल लिहून ते रेडिसच्याच प्रोसेसमध्ये चढवत असेल तर ही सगळी मांडणी कोसळते. तेवढं एकदा तपासून घ्या.

गोदाम

एवढा खल कशाला? शेवटची बीएसडी आवृत्ती ७.२.४. ती पिन करायची आणि झोपायचं. कॅशला नवीन काय लागतं?

पायरीपायरीने

गोदाम, हा सल्ला महागात पडेल. ७.२.४ ही घोषणेच्या वेळची आवृत्ती, शेवटची बीएसडी आवृत्ती नव्हे. ७.२ मालिकेत त्यानंतर आलेल्या दुरुस्त्याही बीएसडीच. ऑक्टोबर २०२५ मध्ये रेडिसच्या लुआ (स्क्रिप्टची भाषा) इंजिनमधली, गंभीरतेच्या १० पैकी १० गुणांची त्रुटी जाहीर झाली (सीव्हीई-२०२५-४९८४४). आत शिरलेला वापरकर्ता लुआ स्क्रिप्टमधून थेट सर्व्हरवर कोड चालवू शकतो. ७.२ साठी तिची दुरुस्ती ७.२.११ मध्ये आहे. ७.२.४ पिन करून झोपणारा त्या भोकासकट झोपतो. लगेच बदलता येत नसेल तर एसीएलने (कोणाला कुठल्या आज्ञा देता येतील याचे नियम) लुआ चालवणाऱ्या 'इव्हॅल' आणि 'इव्हॅलशा' या आज्ञा बंद करा. मात्र रांगेच्या बऱ्याच लायब्ऱ्या आतून लुआच वापरतात, त्यामुळे आधी चाचणी सर्व्हरवर पाहा.

बिल्डवाला, माझं मत व्हॅल्की. ते रेडिस ७.२.४ वरूनच फोर्क झालंय, लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली आहे, परवाना तीन कलमी बीएसडी. तुमच्या वापराला पुरेसं आहे आणि ग्राहकाच्या खरेदी विभागाला एजीपीएल समजावत बसावं लागत नाही. बऱ्याच मोठ्या संस्थांच्या यादीत एजीपीएल सरसकट बाद असतं, मग कायदा काही का म्हणेना.

७.२ वरून जाणं सोपं. व्हॅल्कीला जुन्या रेडिसची रेप्लिका (डेटाची चालू नक्कल ठेवणारा सर्व्हर) करा, 'इन्फो रेप्लिकेशन' मध्ये मास्टर लिंक 'अप' दिसू द्या, ॲप थांबवा, दोन्हीकडचे ऑफसेट जुळले की 'रेप्लिकाऑफ नो वन' देऊन तिला स्वतंत्र करा, ॲपचा पत्ता बदला.

७.४ वरून हीच युक्ती चालत नाही, आणि बहुतेक जण इथेच अडकतात. ७.४ आरडीबी फाइलची (डेटाचा डिस्कवरचा स्नॅपशॉट) १२ वी आवृत्ती लिहितं, व्हॅल्की ८ ला ११ पर्यंतच कळते. फाइल कॉपी केली तर सर्व्हर 'आरडीबी फॉरमॅट व्हर्जन १२ हाताळता येत नाही' अशा अर्थाची ओळ लॉगमध्ये टाकून बंद पडतो. रेप्लिका केली तरी पहिलं सिंक आरडीबीनेच होतं, म्हणून तेही नाही. एकेक नोंद काढून दुसरीकडे भरणाऱ्या 'डम्प' आणि 'रिस्टोर' ची जोडीही त्याच कारणाने नकार देते, कारण डम्पच्या शेपटीत तोच आवृत्ती क्रमांक असतो.

वाट आहे ती एओएफची, म्हणजे डेटा लिहिण्याच्या आज्ञा एकामागून एक नोंदवणाऱ्या फाइलची. ॲप थांबवा. जुन्या सर्व्हरवर 'एओएफ-यूज-आरडीबी-प्रीॲम्बल' आधी 'नो' करा, मग 'अपेंडओन्ली' 'येस'. क्रम उलटा झाला तर फाइलच्या सुरुवातीला आरडीबीच बसतं आणि मेहनत वाया. दुसरी आज्ञा देताच फाइल नव्याने लिहायला घेतली जाते. 'इन्फो पर्सिस्टन्स' मध्ये 'एओएफ-रीराइट-इन-प्रोग्रेस' शून्य होईपर्यंत थांबा, सर्व्हर बंद करा आणि 'अपेंडओन्लीडिर' हे अख्खं फोल्डर मॅनिफेस्टसकट व्हॅल्कीच्या डेटा फोल्डरमध्ये हलवा. व्हॅल्कीच्या कॉन्फिगमध्ये 'अपेंडओन्ली येस' आणि फाइलचं तेच नाव हवं. नसेल तर तो काही तक्रार न करता रिकामा सुरू होतो. आरडीबीपेक्षा ही फाइल बरीच मोठी होते, डिस्कवर जागा ठेवा.

हॅशच्या एकेका फील्डला मुदत देण्याची ७.४ ची सोय कुठे वापरली असेल तर व्हॅल्की ८ त्या आज्ञेशी येऊन थांबेल. ती सोय तिकडे ९ मध्ये आली. आणि डेटा नुसता कॅश आणि सेशनचा असेल तर हे काहीच करू नका. रांग रिकामी होऊ द्या, रिकामं व्हॅल्की लावा, लोक पुन्हा लॉगिन करतील.

एक बारकावा: व्हॅल्की सुसंगतीसाठी 'इन्फो' मध्ये रेडिसची आवृत्ती ७.२.४ च सांगतं, स्वतःची वेगळ्या ओळीत. सुरक्षा स्कॅनर पहिली ओळ वाचून बोंब मारतो. ग्राहकाच्या ऑडिटआधी हे त्यांना कळवून ठेवा.

कोर्टकचेरी

तिसऱ्या प्रश्नाबद्दल. हॅशिकॉर्पने ऑगस्ट २०२३ मध्ये टेराफॉर्म एमपीएल २ या ओपन सोर्स परवान्यावरून बिझनेस सोर्स लायसन्सवर नेलं. १.५ मालिका एमपीएल, १.६ पासून नवा परवाना, आणि प्रत्येक आवृत्ती चार वर्षांनी पुन्हा एमपीएलखाली येते. स्पर्धक उत्पादन म्हणून विकत नसाल तर प्रत्यक्ष कामात वापरायची मुभा त्याच परवान्यात आहे. तुम्ही आपलीच यंत्रणा उभारताय, तुम्हाला काढून टाकायचं कारण नाही. हॅशिकॉर्प आता आयबीएमकडे आहे, त्यामुळे वरिष्ठांना पुढची चिंता वाटत असेल तर ते समजू शकतं. पण तो धंद्याचा निर्णय झाला.

एप्रिल २०२४ ची नोटीस वेगळ्याच गोष्टीची होती. टेराफॉर्मच्या कॉन्फिगमधल्या 'रिमूव्ह्ड' ब्लॉकचा कोड नव्या परवान्याच्या फाइलींतून उचलल्याचा आरोप. ओपनटोफूने ओळीओळीचा उगम दाखवून सांगितलं, की दोन्हीकडचा कोड 'मूव्ह्ड' ब्लॉकच्या जुन्या एमपीएल कोडवरून आलाय. वापरणाऱ्याचा यात संबंधच नाही. धडा आहे तो फोर्कवर काम करणाऱ्याला: मूळ प्रकल्पाची नव्या परवान्याची फाइल शेजारी उघडून तेच वैशिष्ट्य लिहायला बसू नका, आणि कमिटच्या नोंदीत कोड कुठल्या आवृत्तीवरून घेतला ते लिहा. नोटिशीला उत्तर देताना हीच नोंद कामाला येते.

कोर्टात खरे अडकतात ते ओपन सोर्सच्या साध्या अटी न पाळणारे. जेकबसन विरुद्ध कॅट्झर (२००८) हा खेळण्यातल्या रेल्वेच्या सॉफ्टवेअरचा खटला. तिथे अमेरिकन फेडरल सर्किटने ठरवलं, की अशा परवान्यातल्या अटी मोडणं हा नुसता करारभंग नाही, तो कॉपीराइटचाही भंग होऊ शकतो. म्हणजे भरपाईबरोबर विक्रीवर मनाईही मागता येते. फ्रान्समध्ये आंत्रूव्हेर विरुद्ध ऑरेंज, जीपीएल २ ची 'लासो' लायब्ररी, २०११ पासून चाललेला वाद. फेब्रुवारी २०२४ मध्ये पॅरिसच्या अपील कोर्टाने नुसत्या बुडालेल्या उत्पन्नापोटी पाच लाख युरो द्यायला लावले. लायब्ररी कोणी फुकट टाकलेली आहे म्हणून नुकसान शून्य, हा युक्तिवाद तेवढ्याने चालत नाही.

आणखी एक, माहितीपत्रकाबद्दल. निओफोरजे या डेटाबेसच्या खटल्यात 'कॉमन्स क्लॉज' (विकण्यावर बंधन घालणारं जोडकलम) काढून टाकलेली प्रत 'मुक्त आणि ओपन सोर्स' म्हणून खपवणं ही खोटी जाहिरात ठरली, आणि २०२२ मध्ये नाइन्थ सर्किट या अमेरिकन अपील कोर्टाने ते कायम ठेवलं. ७.४ देत असाल तर पत्रकात 'संपूर्ण ओपन सोर्स' लिहू नका. आरएसएएल आणि एसएसपीएल दोन्ही ओपन सोर्स इनिशिएटिव्हच्या यादीत नाहीत.

बिल्डवाला

छान उलगडलं. मोड्यूल नाहीत, पोर्ट मात्र दोन ठिकाणी उघडा सापडला, तो बंद करतोय. व्हॅल्कीकडेच जाऊ. एका ग्राहकाला मात्र रेडिस ८ चं अंगभूत सर्च हवंय. तिथे एजीपीएल घेतलं तर प्रत्यक्षात द्यायचं काय? गिटहबची लिंक पुरते का?

उपकलम१३

आधी व्हॅल्कीचं सर्च मॉड्यूल त्यांना पुरतं का पाहा, तेही बीएसडी आहे. नाही पुरलं तर हे.

इमेज तुमच्या रजिस्ट्रीवरून किंवा पेन ड्राइव्हवर दिलीत, की वाटप तुम्ही केलं, सोर्सची जबाबदारी तुमची. एजीपीएलच्या कलम ६ नुसार इमेज नेटवर्कवरून देत असाल तर सोर्स दुसऱ्याच्या सर्व्हरवर असला तरी चालतो, पण तो कुठे मिळेल हे इमेजच्या शेजारी स्पष्ट लिहायचं, आणि तुम्ही ती इमेज देत आहात तोवर तो तिथे आहे याची काळजीही तुम्हीच घ्यायची. मुख्य शाखेची लिंक चालणार नाही, दिलेल्या बायनरीचाच सोर्स हवा. म्हणून त्या आवृत्तीचा टारबॉल (सोर्सची एकत्र बांधलेली फाइल) आपल्याच रजिस्ट्रीशेजारी ठेवणं बरं. पेन ड्राइव्हवर देत असाल तर त्याच पेन ड्राइव्हवर सोर्स टाका. नाहीतर किमान तीन वर्षांची लेखी हमी द्यावी लागते, आणि ती सांभाळणारा माणूस तोवर नोकरी सोडून जातो. परवान्याचा मजकूर आणि कॉपीराइटच्या सूचना दोन्ही बाबतींत सोबत.

चुकलंच तर एजीपीएल ३ मध्ये सवड आहे. पहिल्यांदाच नोटीस आली असेल आणि ती मिळाल्यापासून ३० दिवसांत दुरुस्त केलंत तर परवाना कायमचा परत मिळतो. जीपीएल २ मध्ये ही सोय नाही, भंग होताच परवाना संपतो. आणि इमेजमध्ये रेडिस एकटं नसतं. खाली डेबियन किंवा अल्पाइनचा पाया असतो. डेबियनमध्ये बॅश आणि कोअरयुटिल्स जीपीएल ३ चे, अल्पाइनमध्ये बिझीबॉक्स जीपीएल २ चा. त्यांचा सोर्स देण्याची जबाबदारी तुमच्यावर आजही आहे, व्हॅल्कीवर गेलात तरी राहील. 'सिफ्ट' सारख्या साधनाने इमेजची एसबॉम (आतल्या सगळ्या पॅकेजांची यादी) काढा, त्यातली जीपीएलची पॅकेजं वेगळी करा आणि डेबियनच्या स्नॅपशॉट आर्काइव्हमधून त्याच आवृत्त्यांचे सोर्स उतरवून त्या टारबॉलशेजारी ठेवा.