निरोपाचे स्नेहभोजन: जुने हॉटेल की जुन्यासारखे?

४०३ (काकू): सचिव महोदय, पुनर्विकासासाठी घरे रिकामी करण्याची नोटीस फलकावर लागली, तरी निरोपाच्या स्नेहभोजनाचे ठिकाण अजून ठरत नाही, याला काय म्हणावे? ‘जुन्या मुंबईच्या थाटाचे’ हॉटेल शोधण्याचे काम ज्यांनी सभेत हौसेने अंगावर घेतले, त्यांनी पार्किंगच्या वेळी पाळले तसे मौन या वेळी पाळू नये, ही नम्र विनंती.

१०२: काकू, नाव घेऊन लिहिले असते तरी चालले असते. बॅलार्ड इस्टेटचे ब्रिटानिया मी तेव्हाच सुचवले होते. ते १९२३ पासूनचे आहे, इराणच्या आंबट बेरी घातलेला पुलाव ही त्यांची ओळख आहे आणि तो शाकाहारीही मिळतो. मात्र ते दुपारच्या जेवणापुरतेच उघडे असते आणि सभेने ठराव रात्रीच्या जेवणाचा केला आहे.

३०४: वर्गणी प्रतिघर आहे की प्रतिव्यक्ती, हे आधी स्पष्ट करावे.

२०३: वांद्रे-कुर्ला संकुलातील सोडाबॉटलओपनरवाला का नको? चौकड्यांचे टेबलक्लॉथ, काचेच्या बरण्या, असा इराणी हॉटेलचा सगळा थाट तिथे आहे, शिवाय वातानुकूलन आहे आणि टेबले आधी राखून ठेवता येतात.

२०१ (नाना): त्या हॉटेलची पहिली शाखा २०१३ साली गुरुग्रामला निघाली, हे आपणास ठाऊक आहे काय? ज्यांच्या घरापासून धोबी तलावाची कयानी एका लोकलच्या अंतरावर आहे, त्यांनी इराण्याची आठवण गुरुग्रामहून का मागवावी? कयानी १९०४ पासून उभी आहे. तिथल्या खुर्च्यांच्या पाठी गिऱ्हाइकांनी टेकून टेकून गुळगुळीत केल्या आहेत, तो गुळगुळीतपणा कोणत्याही सजावटकाराला करून देता येणार नाही.

२०३: नाना, आदर राखून सांगतो, कयानीत खिमा-पाव आणि चहा घेऊन उठायचे असते. टेबलासाठी माणसे ताटकळत असताना निरोपाची भाषणे कोण करणार आणि कोण ऐकणार?

२०१ (नाना): माझे भाषण पाच मिनिटांचे असते.

१०४: गणपतीत त्या पाच मिनिटांत निरांजन विझले होते, नाना. 🙏

४०१: कुलाब्याचे मोंडेगार १९३२ पासूनचे आहे, रात्री उशिरापर्यंत चालते आणि भिंतींवर मारिओ मिरांडांची चित्रे असल्याने मुलांनाही पाहायला काहीतरी मिळेल.

४०३ (काकू): मुलांना काय पाहायला मिळेल, ते होळीला गच्चीवर सर्वांनी पाहिले आहे. तिथे बीअर मिळते, हे आपण सोयीस्करपणे लिहिले नाही.

४०१: होळीचा विषय इतिवृत्तात निकालात निघाला आहे. तो पुन्हा उकरून काढण्यात कोणाचे हित आहे, ते कळत नाही.

३०४: माझा प्रश्न पुन्हा मांडते. आमच्या घरी मी एकटीच आहे. वर्गणी प्रतिघर की प्रतिव्यक्ती?

१०२: चर्चगेटच्या गेलॉर्डबद्दल कोणी काहीच का बोलत नाही? ते १९५६ पासूनचे आहे, म्हणजे जुनेपणा सजावटीतून आणलेला नाही, पंजाबी आणि जुन्या धाटणीचे काँटिनेंटल अशी दोन्ही जेवणे मिळतात, रात्री उघडे असते, बाहेरच बेकरी आहे आणि स्थानक जवळ असल्याने कोणाला गाडी काढावी लागणार नाही. पार्किंगचा उल्लेख झालाच आहे, म्हणून हे लिहिले.

२०१ (नाना): १९५६ म्हणजे माझ्या दृष्टीने नवेच, पण हरकत नाही.

२०३: दर पाहिले आहेत का? तेवढ्या पैशांत वांद्र्याला दोनदा जेवून होईल.

खजिनदार: दोनदा जेवण्यापूर्वी आपल्या सदनिकेची देखभालीची थकबाकी एकदा भरावी.

२०३: ही बाब खासगी संदेशात कळवता आली असती.

३०४: प्रतिघर की प्रतिव्यक्ती?

सचिव: सर्व सदस्यांस नमस्कार. मी गेलॉर्डमध्ये शनिवारच्या रात्रीसाठी चौकशी करतो. तेवढी टेबले एकत्र मिळाली नाहीत, तर रात्रीचा आग्रह सोडून ब्रिटानियात दुपारी जेवावे लागेल, कारण खऱ्या जुन्या हॉटेलची वेळ आपल्या ठरावाने बदलत नाही. भाषण फक्त अध्यक्षांचे होईल. वर्गणी प्रतिव्यक्ती राहील.

३०४: आभारी आहे.

४०२: आमच्या घरात आठ माणसे आहेत, हे वर्गणीच्या वेळी समितीला अचूक आठवले, याचा आनंद आहे. पाण्याची वेळ ठरवताना आम्ही चारच होतो.