फियाट ११०० डिलाइट (१९६६): आतल्या सामानात ‘ओरिजिनल’ नक्की कशाला म्हणावे?

प्रश्न (कोल्हापूर)

आजोबांनी घेतलेली १९६६ सालची फियाट ११०० डिलाइट आमच्या पडवीत बरीच वर्षे झाकून उभी होती. गेल्या दोन वर्षांत इंजिन उघडून बांधले, पत्र्याचे आणि रंगाचे काम उरकले, आणि आता आतल्या बाजूला हात घालायचा आहे. काच खालीवर करायचे एक हँडल आणि मागचा अ‍ॅशट्रे नाही, छताचे कापड उंदरांनी कुरतडले आहे, सीटवर मखमली कव्हरे आहेत, आणि स्टिअरिंग व्हील कोणीतरी नंतरच्या पद्मिनीचे (याच गाडीच्या पुढच्या रूपाचे) बसवलेले दिसते.

मुंबईत तीन दुकाने फिरलो. तिन्ही ठिकाणी पद्मिनीचे सामान पुढे करून “सगळ्या फियाटला हेच चालते” असे सांगण्यात आले. दुसरीकडे इटलीतील विक्रेत्यांकडे ११००-डीचे, म्हणजे डिलाइट ज्यावरून घडली त्या इटालियन फियाटचे सामान दिसते, पण त्याची किंमत, टपालखर्च आणि वर सीमाशुल्क यांचा हिशेब केला की छाती दडपते. पैसे खर्च करायची तयारी आहे. चुकीच्या वस्तूवर करायची नाही. इटालियन भाग घ्यावेत, पद्मिनीचे बसवावेत, की नवीन घडवून घ्यावेत?

उत्तर (ठाणे)

कोणतीही वस्तू विकत घेण्याआधी ‘ओरिजिनल’ या शब्दाचा निकाल लावा, कारण तिथेच बहुतेकांचे पैसे बुडतात. तुमची गाडी फियाटच्या तुरिनची नाही, मुंबईतल्या कुर्ल्याची आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सने ती बांधली. १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर ज्यांच्याकडे देशातच टप्प्याटप्प्याने उत्पादन वाढवण्याचा कार्यक्रम होता अशाच कंपन्यांना इथे वाव उरला. फोर्ड आणि जनरल मोटर्स निघून गेल्या, आणि उरलेल्यांच्या गाड्यांत आयात केलेल्या भागांची जागा हळूहळू देशी भाग घेत गेले. इटलीतील ११००-डीला १२२१ सीसीचे इंजिन होते, आपल्याकडे मात्र १०८९ सीसीचेच चालू राहिले. इंजिनाच्या बाबतीत एवढा फरक असेल, तर दाराच्या पॅनलचे रेक्झिन आणि त्यावरची शिलाई दोन्हीकडे सारखी असेल हे गृहीत धरण्याला आधार नाही. म्हणून १९६६ साली कुर्ल्याच्या फाटकातून बाहेर पडलेल्या डिलाइटमध्ये जे होते, ते तुमच्यासाठी मूळ. इटालियन भाग अस्सल असेल, पण तो तुमच्या गाडीचा असेलच असे नाही.

पद्मिनीच्या बाबतीत दुकानदार अर्धे खरे बोलतात. १९७२ मध्ये गाडीचे नाव प्रीमियर प्रेसिडेंट झाले, पुढे पद्मिनी झाले, आणि या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत ती बनत राहिली. सांगाडा तोच असल्यामुळे बरेच भाग बसतात. पण बसणे आणि शोभणे यांत अंतर आहे. इतक्या वर्षांत धातूच्या जागी प्लास्टिक येत गेले. मुंबईतील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये संपली, आणि कुर्ल्याच्या भंगारात जे सामान येत गेले ते मुख्यतः अशा उशिराच्या टॅक्सींचे आहे. शिवाय टॅक्सीच्या आतले सामान तिच्या आयुष्यात अनेकदा बदललेले असते, त्यामुळे त्यावरून काहीच ताडता येत नाही. उलट दिशेची चूकही होते: जुन्या बाजारात ‘डुक्कर फियाट’चे, म्हणजे डिलाइटच्या आधीच्या फियाट ११०० चे सामान डिलाइटचे म्हणून गळ्यात मारतात. त्या गाडीच्या पुढच्या दारांची बिजागरे मागच्या बाजूला असत, तेव्हा तिची दाराची पॅनले तुमच्या कामाची नाहीत.

प्रीमियरने छापलेले सुट्या भागांचे पुस्तक आणि मालकासाठीची पुस्तिका आधी मिळवा. मुंबईच्या चोर बाजारातील मटण स्ट्रीटवर आणि पुण्याच्या जुन्या बाजारात रद्दीवाल्यांकडे असे कागद अधूनमधून निघतात. पुण्यात जायचे तर रविवारी किंवा बुधवारी, आणि सकाळीच. कोलकात्याच्या मलिक बाजारची कीर्ती ऐकून तिकडे जाऊ नका. ते अ‍ॅम्बेसेडरचे माहेर आहे.

उत्तर (पुणे)

वरील उत्तराशी मी सहमत आहे, फक्त एक पुरावा राहिला. तो तुमच्या गाडीतच दडलेला आहे. आपल्याकडे गाडी घरी आली की आठवड्याच्या आत सीटवर कव्हर चढत असे आणि ते फाटले की त्यावरच दुसरे. त्यामुळे मखमलीखाली कंपनीचे रेक्झिन जिवंत असण्याची चांगली शक्यता आहे. कव्हरे ओढून काढू नका, शिवण उसवून एकेक थर उतरवा आणि प्रत्येक थराचे छायाचित्र घ्या. रंग ठरवताना सीटची उघडी बाजू पाहू नये, कारण उन्हाने ती विटलेली असते. अ‍ॅशट्रेच्या खोबणीत, दाराच्या हँडलाच्या चकतीखाली, पाइपिंगच्या दुमडीत आणि मागच्या सीटच्या तळाशी मूळ रंग व पोत मिळतो. तिथला चार बोटांचा तुकडा कापून तोच नमुना म्हणून रेक्झिनच्या व्यापाऱ्याकडे न्यावा. मोबाइलवरचे छायाचित्र दाखवून रंग जुळत नाही.

सीट उघडल्यावर स्प्रिंगांवर गोणपाट, काथ्या आणि कापूस असे थर दिसले, तर कारागीर ते फेकून सरसकट फोम भरायला सांगेल. कृपया ऐकू नका. माझ्या गाडीत एका कारागिराने माझ्या गैरहजेरीत तसे केले आणि सीट जवळजवळ दोन इंच वर आली. मांड्या स्टिअरिंगला घासू लागल्या आणि रेक्झिनवरच्या शिवणीच्या रेषा फुगून उशीसारख्या दिसू लागल्या. तुटलेल्या स्प्रिंगा बदलाव्यात, काथ्याचा थर नवा घालावा, आणि फोम हवाच असेल तर वरून पातळ घालावा. छताच्या कापडाचेही तसेच आहे. ते तारेच्या कमानींवर ताणलेले असते आणि प्रत्येक कमानीची लांबी वेगळी असते, म्हणून काढताना कमानींना पुढून मागे क्रमांक घाला. जुने कापड कितीही कुरतडलेले असले तरी शिवण उसवून त्याचाच साचा करावा.

हँडलांविषयी थोडे सविस्तर सांगतो. त्या काळची आतली हँडले पुष्कळदा मॅझॅकची, म्हणजे जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव असतात. क्रोमच्या खाली जस्त गंजले की बारीक फोड येतात, आणि क्रोम उतरवल्यावर त्या जागी खड्डे उरतात. साधा प्लेटिंगवाला लोखंडाच्या सवयीने वस्तू थेट तेजाबात टाकतो आणि ती अर्धी विरघळून परत येते. मॅझॅक हाताळणारा माणूस शोधा: खड्डे कोरून साफ करायचे, त्यावर आधी सायनाइडच्या बाथमधला तांब्याचा थर, मग जाड तांबे चढवून घासणे, पुन्हा तांबे, पुन्हा घासणे, आणि सपाटी आल्यावरच निकेल व क्रोम. याला वेळ लागतो आणि एका हँडलाचे पैसे नव्या पद्मिनी संचापेक्षा जास्त पडतात. तरी मी तेच करीन. हरवलेले हँडल शोधताना आकारावर जाऊ नका, भोकातले दाते मोजा आणि शिल्लक असलेले हँडल खिशात ठेवूनच बाजारात जा.

स्टिअरिंगला पर्याय नाही, जुनेच शोधावे लागेल. तडे गेलेले असले तरी चालेल, कारण तडा व्ही आकारात कोरून इपॉक्सी पुटी भरली, घासली आणि रंगवली की व्हील पुन्हा उभे राहते. बेकेलाइटचे फुटके नॉब मात्र वितळवून नव्याने ओतता येत नाहीत; चांगल्या नॉबचा सिलिकॉनचा साचा करून रेझिनमध्ये ओतावा लागतो.

उत्तर (तुरिन)

मी येथे नोकरीनिमित्त राहतो, म्हणून इटलीच्या बाजूने थोडे लिहितो. येथील गाड्यांचे स्टिअरिंग डावीकडे, त्यामुळे डॅशबोर्ड आणि त्याला जोडलेले काहीही मागवू नका. काच उचलण्याची यंत्रणा, दाराच्या चौकटीचे रबर, आतली हँडले यांचा विचार करता येईल, तोही भाग क्रमांक जुळल्यावरच. फियाटच्या जुन्या कॅटलॉगचे यांत्रिक भाग आणि बॉडी असे वेगळे खंड असत. तुम्हाला ‘कारोत्सेरिया’ (म्हणजे बॉडी) हा शब्द छापलेला खंड हवा. दुकानदारांपेक्षा बाजारात भाव बरे असतात: इमोलाच्या रेसट्रॅकवर सप्टेंबरात जुन्या सुट्या भागांचा मोठा बाजार भरतो, आणि तुरिनमध्ये महिन्याच्या दुसऱ्या रविवारी ग्रान बालोन हा जुन्या वस्तूंचा बाजार भरतो, पण तिथे गाडीचे सामान नशिबानेच मिळते.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. काल मागची सीट उघडली. मखमलीखाली निळ्या प्लास्टिकचे कव्हर आणि त्याखाली तांबूस रंगाचे रेक्झिन निघाले. बसायची जागा फाटलेली आहे, पाठीची जवळजवळ अखंड आहे. सीटच्या फटीत काचेचे हरवलेले हँडलही सापडले, म्हणजे तीन दुकाने उगाच फिरलो. एक शंका: गाडी ‘व्हीए’ या व्हिंटेज गाड्यांच्या क्रमांक मालिकेत नोंदवायची आहे. अ‍ॅशट्रे नसला किंवा स्टिअरिंग पद्मिनीचे राहिले, तर नोंदणी नाकारतील का?

उत्तर (ठाणे)

२०२१ च्या नियमांत ५० वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडी अशी अट आहे, आणि मोठ्या फेरबदलाच्या संदर्भात चासी, बॉडी शेल आणि इंजिन यांचा उल्लेख आहे. अ‍ॅशट्रेपायी अर्ज अडेल असे वाटत नाही. शुल्क २०,००० रुपये असून नोंदणी दहा वर्षांसाठी असते. मात्र त्यानंतर गाडी रोजच्या कामासाठी रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, देखभाल अशा कारणांपुरतीच मुभा आहे. कोल्हापुरात ती बाजाराला न्यायचा विचार असेल तर अर्जाआधी घरात बोलून घ्या.

पाठीचे रेक्झिन अखंड आहे तर ते बदलू नका. कोमट पाणी आणि सौम्य साबणाने पुसा, पेट्रोल किंवा थिनर लावू नका. फक्त बसायची जागा नव्या रेक्झिनने करा आणि त्याचा रंग पाठीच्या उन्हाकडच्या भागाशी नव्हे, तर प्लास्टिकखाली झाकलेल्या भागाशी जुळवा.