मदत हवी आहे: जत्रेच्या पत्रिकेची फाईल छापखान्यातून परत आली, नवीन डॉक्युमेंट नेमकं कसं उघडायचं?

रंगमंच_पेडणे
जत्रेच्या रात्री होणाऱ्या नाटकाची पत्रिका आणि देवळाच्या कमानीपाशी लावायचा फ्लेक्स करतोय. पत्रिकेची पीडीएफ परत आली. छापखानेवाले म्हणतात ब्लीड (कापण्यासाठी कडेबाहेर वाढवलेला रंग) नाही, रंग आरजीबी (स्क्रीनचे) आहेत, अक्षरांचा काळा चार शाईंचा आहे. साइज बरोबर आहे, स्क्रीनवर सगळं नीट दिसतं. उद्या ११ पर्यंत फाईल द्यायची आहे. कृपया फक्त सेटिंग सांगा.

शाईकागद
सॉफ्टवेअर कोणतं? पत्रिका किती बाय किती? फ्लेक्स किती फुटांचा? आणि सुरुवातीला कोणतं प्रीसेट (तयार सेटिंग) निवडलं होतं?

कोरलवाला_फोंडा
कोरलड्रॉमध्ये करा, आपल्याकडे छापखान्यात तेच उघडतात. नवीन डॉक्युमेंटच्या चौकटीत प्रायमरी कलर मोड सीएमवायके (छपाईच्या चार शाई: सायन, मजेंटा, पिवळा, काळा), रेझोल्यूशन ३००, मग पानाच्या सेटिंगमध्ये ब्लीड ३ मिमी. देताना सेव्ह ॲजमध्ये जुनी आवृत्ती निवडा, नाहीतर त्यांच्याकडे फाईल उघडणारच नाही.

रंगमंच_पेडणे
इलस्ट्रेटर आहे, कोरल नाही. पत्रिका ए५. वेबचं प्रीसेट उघडून साइज तेवढी बदलली होती. फ्लेक्स ८ बाय ४ फूट.

शाईकागद
गोम तिथेच आहे. वेबच्या प्रीसेटमध्ये रंग आरजीबी, रास्टर इफेक्ट (सावलीसारखे पिक्सेलचे इफेक्ट) ७२ पीपीआय, म्हणजे इंचाला ७२ पिक्सेल, आणि ब्लीड शून्य असतं. साइज बदलली तरी ही तिन्ही तशीच राहतात.

नवीन फाईल करायची तर कंट्रोल+एन, वर प्रिंट टॅब, एकक मिलिमीटर, १४८ बाय २१०, ब्लीड चारी बाजूंना ३. खाली ॲडव्हान्स्डमध्ये सीएमवायके आणि रास्टर इफेक्ट हाय (३००) आहे ना ते बघून घ्या.

पण तुमचं काम तयार आहे, ते फेकू नका. आहे त्याच फाईलमध्ये: फाईल मेनूत डॉक्युमेंट कलर मोड सीएमवायके करा, डॉक्युमेंट सेटअपमध्ये ब्लीड ३ मिमी द्या, इफेक्ट मेनूत डॉक्युमेंट रास्टर इफेक्ट्स सेटिंग ३०० करा. त्यानंतर पार्श्वभूमीचा रंग आणि कडेला टेकलेले फोटो ब्लीडच्या लाल रेषेपर्यंत स्वतः ओढा. ब्लीडचा आकडा भरल्याने चित्र आपोआप वाढत नाही, आणि बऱ्याच फाईली यासाठीच दुसऱ्यांदा परत येतात. मजकूर कापाच्या रेषेपासून ५ मिमी आत ठेवा.

आता काळा. आरजीबीतला शुद्ध काळा नेहमीच्या स्वॉप प्रोफाईलने (छपाईच्या रंगांचं एक ठरलेलं मानक) बदलला की साधारण ७५/६८/६७/९० (सायन/मजेंटा/पिवळा/काळा, टक्क्यांत) होतो, म्हणजे एकूण ३०० टक्के शाई. बारीक अक्षरांवर चार प्लेटा केसभर जरी सरकल्या तरी कडांना रंगीत सावली येते. म्हणून एक काळं अक्षर निवडा, सिलेक्ट – सेम – फिल कलर, आणि सगळ्यांना ०/०/०/१०० द्या. मोड बदलल्याने हे होत नाही, हातानेच करावं लागतं.

लिंक केलेले फोटोही मोडबरोबर बदलत नाहीत, ते फोटोशॉपमध्ये सीएमवायके करून घ्या.

कोरलवाला_फोंडा
सरसकट ०/०/०/१०० चुकीचं आहे. नाटकाच्या पत्रिकेला मागे काळा पडदा असतो. तेवढा मोठा भाग एकट्या काळ्या शाईत राखाडी, विटका उतरतो. त्याला ६०/४०/४०/१०० द्या.

शाईकागद
मी अक्षरांबद्दल लिहिलंय. मोठ्या भागाला तुमचं बरोबर. फक्त त्या काळ्यावर पांढरी बारीक अक्षरं असतील तर ती ठळक घ्या, नाहीतर शाई आत शिरून ती बुजतात.

मोबाईलदुनिया
पत्रिका इन्स्टाग्रामवरही टाकणार असाल तर १०८० बाय १३५० पिक्सेल ठेवा, फीडमध्ये चौकोनीपेक्षा जास्त जागा मिळते. तिथे मात्र आरजीबीच.

वळणवेलांटी
कोणीच विचारलं नाही पण मराठी पत्रिका आहे म्हणून. प्रेफरन्सेसमध्ये टाइप, तिथे शो इंडिक ऑप्शन्स चालू करा, मग पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूतून मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन कंपोझर निवडा. नाहीतर 'स्थळ'मधला स सुटा पडतो आणि 'मंदिर'ची वेलांटी द च्या पुढे जाऊन बसते. कृपया अक्षर न् अक्षर वाचा. देवस्थानाचं नाव चुकीचं छापलं तर लोक वर्षभर तेच बोलतील.

रंगमंच_पेडणे
वेलांट्या खरंच तुटल्या होत्या, आता बरोबर आल्या. रंग बदलल्यावर पोपटी एकदम मळकट झालाय. आणि पत्रिका ए४ ची घडी घालून ए५ होणार, त्याला काही वेगळं?

शाईकागद
घडी हे आधी सांगायला हवं होतं! मग डॉक्युमेंट ए५ चं नको. २९७ बाय २१० चे दोन आर्टबोर्ड (फाईलमधली पानं) घ्या, १४८.५ वर गाईड. पहिल्यावर बाहेरची बाजू: डावीकडे पान ४, उजवीकडे पान १. दुसऱ्यावर २ आणि ३. ब्लीड फक्त बाहेरच्या कडांना, घडीवर नाही. कागद २५० जीएसएम किंवा जाड असेल तर आधी क्रीझिंग (घडीच्या जागी खाच दाबणं) सांगा, नाहीतर घडीवर शाई तडकते.

तो झगझगीत पोपटी चार शाईंत बसतच नाही. पिवळा १००, सायन ४०, मजेंटा आणि काळा शून्य करून बघा. मजेंटा जरा जरी उरला तरी मळकटपणा येतो.

कोरलवाला_फोंडा
फ्लेक्स ३०० वरच करा, धारदार येतो.

शाईकागद
नको. ८ बाय ४ फुटांना ३०० म्हणजे २८,८०० बाय १४,४०० पिक्सेल, सीएमवायकेत उघडल्यावर दीड जीबीच्या वर. रस्त्यावरून बघायच्या फ्लेक्सला पूर्ण मापात ७२ पीपीआय पुरे, म्हणजे ६९१२ बाय ३४५६. इलस्ट्रेटरच्या साध्या कॅनव्हासची हद्द सुमारे २२७ इंच, तुमचे ९६ इंच मावतात, तेव्हा थेट १:१ करा. २० फुटी असता तर साध्या कॅनव्हासवर १:१० घ्यावं लागलं असतं. कडेपासून ४ इंच मजकूर नको, दुमडी आणि रिंगा तिथेच येतात.

रंगमंच_पेडणे
दोन आर्टबोर्ड झाले. पीडीएफ कोणती? आधी ब्लीड दिलं असतं तरी ते पीडीएफमध्ये आलं नसतं का?

शाईकागद
पीडीएफ/एक्स-१ए, छपाईसाठीचा प्रकार. मार्क्स अँड ब्लीड्समध्ये 'यूज डॉक्युमेंट ब्लीड सेटिंग्ज'वर टिक हवी, तिच्याशिवाय ब्लीड फाईलमध्येच राहतं. पीडीएफ उघडून पानाचं माप बघा, क्रॉप मार्क (कापाच्या खुणा) न लावता ३०३ बाय २१६ दिसायला हवं. अक्षरं कंट्रोल+शिफ्ट+ओ ने आउटलाइन (फॉन्टऐवजी आकार) करा, पण आधी वेगळी प्रत ठेवून. नटांची नावं शेवटच्या क्षणी बदलतात.

रंगमंच_पेडणे
३०३ बाय २१६ आलं. पाठवतोय. देव बरें करूं.